पाझर तलाव नंबर एक

हॉस्टेलवर आलो त्या पहिल्याच रात्री सिनिअर्सनी सगळ्या नवीन पोरांना कॉमन रूममध्ये ओळीने उभं केलं. नाव, गाव आणि गावात प्रसिद्ध काय ते सांगायचं. माझ्या आधीच्याने पैठणी सांगितली, त्याच्या आधीच्याने चिवडा. माझी पाळी आली तेव्हा डोकं एकदम रिकामं झालं आणि तोंडातून निघून गेलं, "खड्डे!"

सगळी रूम हसली. मीही हसलो. तेव्हापासून माझं नाव 'खड्ड्या' पडलं, ते आता बी.ई. संपत आली तरी सुटलेलं नाही. मेसवाल्या काकांनासुद्धा माझं खरं नाव माहीत नाही. असो. तर मित्रहो, या खड्ड्याची खरी गोष्ट आज पहिल्यांदाच सांगतोय.

आमचं गाव लातूर आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवरचं, तालुक्याचं. एक बसस्टँड, एक मोंढा, दोन कॉलेजं, आणि गावाच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड. बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत जाणारा रस्ता हाच आमचा मेन रोड. या रस्त्यावरच्या खड्ड्यांना लोकांनी नावं ठेवलेली आहेत. बँकेसमोरचा 'सासूबाई', कारण तो चुकवायला गेलं की पुढे दुसरा हमखास भेटतो. शाळेजवळचा 'भीमकुंड'. पाहुण्यांना पत्ता सांगतानाही "भीमकुंडापासून डावीकडे वळा" असंच सांगतात, आणि पाहुणा बरोबर पोचतो! आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'पाझर तलाव नंबर एक'. तो आमच्या दुकानासमोर.

आमचं दुकान म्हणजे अण्णांचं, माझ्या वडिलांचं, टू-व्हीलर गॅरेज. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, बाहेर टायर टांगलेले, आत ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास. लहानपणापासून शाळा सुटली की मी तिथेच. पान्यांचे नंबर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. आमचं घर त्या खड्ड्यावर चालायचं. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी जसा आभाळाकडे बघतो, तसे आम्ही रस्त्याकडे बघायचो. पंधरा दिवसांत गाड्या यायला लागायच्या. शॉकअपमधून ऑइल गळतंय, रिम वाकलीय, कोनसेट गेलाय, हँडल खटखट वाजतंय. अण्णा रिमचा आऊट काढता काढता म्हणायचे, "सरकारची कृपा हाय बाबा." वर्षभरात जेवढे शॉकअप निघायचे त्यातले निम्मे श्रावण-भाद्रपदात. माझी दहावीची शिकवणी, ताईच्या लग्नाचा हप्ता, आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सगळं त्या दोन महिन्यांत निघायचं. दुकानावर बसलेलं कुणी नगरपालिकेला शिव्या घालायला लागलं की अण्णा मान डोलवायचे, पण स्वतः काही बोलायचे नाहीत.

ऑगस्ट २०१९. मी दहावीत होतो. संध्याकाळची वेळ, पावसाची भुरभुर चालू होती. आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी स्कूटर घेऊन दुकानावर आले. मागे बाई बसलेल्या. याच बाईंनी मला पहिलीला हात धरून 'ग' गिरवायला शिकवला होता. गुरुजी म्हणाले, "मागून फार दणके बसतात, बघा जरा." अण्णांनी सीट दाबून बघितली. "मागचा शॉकअप पार बसलाय गुरुजी. आता सामान नाही. उद्या सकाळी या, करून देतो." गुरुजी बरं म्हणाले. बाईंनी मला विचारलं, "अभ्यास करतोस ना रे?" मी हो म्हणालो. स्कूटर निघाली.

पंधरा-वीस पावलं गेली असेल. पाझर तलाव पाण्याने काठोकाठ भरलेला. कडेला पाणी आहे एवढंच दिसत होतं, किती खोल आहे ते दिसत नव्हतं. पुढचं चाक आत गेलं, बाहेर आलं. मागचं चाक गेलं आणि बाई मागच्या मागे पडल्या. डोकं रस्त्यावर आपटल्याचा आवाज मी दुकानात ऐकला. नारळ फोडल्यासारखा. तो आवाज अजून कानातून गेलेला नाही.

अण्णांनी हातातला पाना टाकला आणि पळाले. समोरच्या टेम्पोत घालून बाईंना आधी गावातल्या दवाखान्यात आणि तिथून लातूरला नेलं. बाई वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, दोन महिन्यांनी शाळेत रुजूही झाल्या. लोक म्हणाले, देवाची कृपा, काही राहिलं नाही. पण एक गोष्ट गेली ती गेलीच. बाईंना वास येत नाही. डोक्याला असा मार बसला की नाकाकडून मेंदूकडे वास नेणारे बारीक तंतू तुटू शकतात, हे नंतर मला कळलं. तेव्हा एवढंच समजलं की बाईंना आता फुलाचाही वास येत नाही आणि जळक्याचाही नाही. घरी फोडणी करपली तरी त्यांना कळत नाही. शाळेत पोषण आहाराची खिचडी बुडाला लागली की पोरं पळत येऊन सांगतात, "बाई, लागली!"

त्यानंतर अण्णा बदलले. कुणाला काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पाटी-फावडं घेऊन गेले आणि तो खड्डा मुरूम आणि विटांच्या तुकड्यांनी भरला. आठ दिवसांत पावसाने सगळं बाहेर काढलं. पुन्हा भरला. पुन्हा निघाला. दरवर्षी जून ते ऑक्टोबर हाच कार्यक्रम. लोक गंमत करायचे, "काय मिस्त्री, पोटावर पाय देताय का स्वतःच्या?" कुणी म्हणायचं, निवडणुकीला उभं राहायचं दिसतंय. मला फार लाज वाटायची. अकरावी-बारावीतली पोरं क्लासला जाताना बघायची, माझा बाप रस्त्यात वाकून मुरूम चोपतोय. मी सायकल दुसऱ्या गल्लीतून घालायचो.

मग मी इकडे आलो, सिव्हिलला. का घेतलं सिव्हिल? लिस्टमध्ये नंबर लागला म्हणून. इंट्रोमध्ये मात्र "समाजासाठी काहीतरी करायचंय" असं सांगितलं होतं, तेव्हाही सगळे हसले होते.

तिसऱ्या वर्षाला ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअरिंग हा विषय आला. मित्रांनो, खरं सांगतो, तोपर्यंत मी लेक्चरला शेवटच्या बाकावर जर्नल उतरवत बसायचो. पण सरांनी एके दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: रस्त्याचे तीन शत्रू आहेत, पाणी, पाणी आणि पाणी. मी पेन खाली ठेवलं.

डांबर हा काही रस्त्याचा जीव नाही, ते खडीवरचं पांघरूण आहे. खडीच्या दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त प्रिय. पाणी साचून राहिलं की ते दगड आणि डांबराच्या मध्ये शिरतं आणि डांबराचा पापुद्रा सुटतो. वरून चाक गेलं की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो आणि खडी निखळते. एक खडी निघाली की शेजारची मोकळी होते. त्यात आमची काळी माती! पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. आम्ही लॅबमध्ये तिचीच सी.बी.आर. टेस्ट केली. नमुना चार दिवस पाण्यात भिजत ठेवायचा आणि मग त्यात ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा दाबायचा. प्रमाण धरलेल्या चांगल्या खडीला १०० मार्क, तर आमच्या काळ्या मातीला दोन-तीन. म्हणजे आपल्या एम-थ्रीच्या इंटर्नलसारखेच!

दुसरी गोष्ट वजनाची. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवून बघितले. त्यातून निघालेला नियम असा की आसावरचं वजन वाढलं तर रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन २० टक्के जास्त भरलं तर नुकसान २० टक्के नाही, दुपटीच्या वर. आमच्या गावातून हंगामात उसाने लादलेल्या जोड ट्रॉल्या जातात. कांड्या गोळा करायला लहानपणी आम्ही मागे पळायचो. प्रत्येक ट्रॉली आमचा रस्ता खाऊन जातेय हे कुणाला माहीत होतं?

तिसरी गोष्ट उताराची. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता हवा, त्याला कॅम्बर म्हणतात. डांबरी रस्त्याला जोराच्या पावसाच्या भागात अडीच टक्क्यांपर्यंत, म्हणजे मीटरमागे २५ मिलिमीटर. साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्य कडेपेक्षा जवळजवळ ७ सेंटिमीटर उंच आला पाहिजे. पाणी मधून कडेला, कडेवरून गटारात, गटारातून ओढ्याला. ही साखळी कुठेही तुटली की खड्डा.

मला वाटलं, आता सापडलं! २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुरता तयारीने घरी गेलो. त्याआधी उन्हाळ्यात एक काम करून ठेवलं होतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्या रस्त्याच्या शेवटच्या कामाचे कागद मागितले होते. तीस दिवसांत यायला पाहिजेत ते सत्तर दिवसांनी आले, पण आले. त्यात डांबरी कार्पेटची जाडी २० मिलिमीटर लिहिलेली होती. मी खड्ड्याच्या तुटलेल्या कडेला फूटपट्टी लावली. कुठे १२, कुठे ११, एके ठिकाणी ९. माझ्या अंगात वीरश्री संचारली. संध्याकाळी दुकानावर मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं. चहा पिणारे चारजण जमले. "बघा, निम्मा रस्ता खाल्ला!" सगळे म्हणाले, पोरगा हुशार निघाला. अण्णा टायरमधून ट्यूब काढत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् पाणी का थांबतंय?"

"म्हणजे?"

"रस्ता पातळ केला हे खरं. पण तो सगळीकडंच पातळ हाय. मग खड्डा हितंच का पडतोय दरसाल? तूच म्हनतूस ना पाणी मूळ हाय म्हनून. मग पाणी हितं का थांबतंय ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर समोर बसल्यावर होतं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाकडून पाण्याची नळी आणली. मामा गवंडी आहे. लेव्हल बघायला गवंडी वापरतात ती प्लॅस्टिकची पारदर्शक नळी. एक टोक मी धरलं, दुसरं अण्णांनी. रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत, पुढे-मागे वीस मीटर, वहीत मापं लिहीत गेलो. मध्य कडेपेक्षा उंच असायचा तो आमच्या दुकानासमोर ४ सेंटिमीटर खाली होता. ठीक, तो खचला असेल. पण रस्त्याच्या लांबीलाही उतार होता, बसस्टँडकडून मोंढ्याकडे. म्हणजे कडेचं पाणी गटारात पडून पुढे वाहून जायला पाहिजे. गटार तर होतं, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. मग अडतंय कुठे? आम्ही गटाराच्या कडेकडेने चालत निघालो आणि चालत चालत आमच्याच दुकानाच्या दारात येऊन थांबलो.

दारात सिमेंटचा रॅम्प होता. गाड्या दुकानात चढवायला सोपं जावं म्हणून अण्णांनी २०१६ मध्ये मामाकडूनच बांधून घेतलेला. गटारावरून. पाणी जायला म्हणून मामाने खाली चार इंची पाइप टाकला होता. मी वाकून बघितलं. पाइप दिसतच नव्हता. सळई घालून ओढलं तर आतून चिंध्या निघाल्या. काळ्याकुट्ट, ग्रीसने माखलेल्या. आमच्याच हात पुसायच्या चिंध्या. ओढतोय आणि निघतायत, ओढतोय आणि निघतायत. एक जुनी ट्यूब निघाली, दोन ऑइलच्या पिशव्या निघाल्या.

मी तिथेच बसून हिशेब केला, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं. दीड फूट बाय दीड फूट म्हणजे ३२४ चौरस इंचांचं गटार. चार इंची पाइपचं तोंड साडेबारा चौरस इंचांचं. म्हणजे पाइप अगदी साफ असता तरी गटाराचा सव्विसावा हिस्साच उघडा होता. उरलेलं पाणी रस्त्यावर चढणारच होतं. आणि ते चढून बरोबर जिथे थांबायचं, तिथे पाझर तलाव.

हे अण्णांना सांगायची गरज पडली नाही. ते उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आधी बांधला रॅम्प. मग पडला खड्डा." पुढे काही बोलले नाहीत. पण २०१६ आणि २०१९ या दोन आकड्यांची वजाबाकी आम्ही दोघेही मनातल्या मनात करत होतो. मी म्हणालो, "अण्णा, कार्पेट तर खरंच पातळ आहे. ट्रॉल्याही जातात. एकट्या रॅम्पनं नाही होत." हे शास्त्राला धरूनच होतं. पण मी ते शास्त्र म्हणून बोललो नव्हतो, त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो होतो. त्यांनाही ते कळलं.

पाडव्याच्या दिवशी सगळं गाव नवे कपडे घालून फिरत होतं, तेव्हा अण्णांनी घण घातला. मी छिन्नी धरली. दुपारपर्यंत रॅम्प निघाला. त्या जागी आम्ही दोन लोखंडी चॅनल टाकले, गाडीचं चाक चढण्यापुरते, उचलून बाजूला ठेवता येतील असे. चिंध्यांसाठी पत्र्याचा डबा आला. संध्याकाळी अण्णा गुरुजींच्या घरी गेले. मीही बरोबर गेलो. मला वाटलं फराळाचं निमित्त आहे. पण अण्णांनी सगळं सांगितलं. रॅम्प, पाइप, चिंध्या, सगळं. गुरुजी खाली बघत ऐकत राहिले. बाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, पाच वर्षं तुम्ही तो खड्डा बुजवताय, मी रोज शाळेत जाताना बघते. चहा घ्या." आणि मग माझ्याकडे वळून, "दूध नासलंय का रे बघ, मला काही कळत नाही." दूध चांगलं होतं. मी कप तोंडाला लावला, पण घोट उतरत नव्हता.

आता शेवट गोड करायचा तर लिहायला पाहिजे की शेजारच्या सगळ्या दुकानदारांनी आपापले रॅम्प काढले. तसं काही झालेलं नाही. आमच्या ओळीत अकरा दुकानं आहेत. दोघांनी काढले. बाकीचे म्हणाले, आधी नगरपालिकेने रस्ता नीट करावा, मग बघू. आणि नगरपालिकेत मी कागद घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, आधी दुकानदारांनी अतिक्रमण काढावं, मग बघू. दोघांचंही म्हणणं मी अर्जात लिहून पोच घेतली. ठरावीक मुदतीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, अशी अट त्याच कागदांमध्ये आहे. ती मुदत अजून संपलेली नाही. पाठपुरावा चालू आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्हाला माहीत आहे. पिकं गेली, जमिनी खरवडून गेल्या. आपल्याच हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांची घरं त्यात होती. त्यापुढे आमच्या खड्ड्याची काय कथा. तरी फोनवर मी अण्णांना घाबरत घाबरत विचारलंच. ते म्हणाले, "पडलाय. पण ताटाएवढा. घागरभर पाणी बसंल. तुझी आई म्हनती, आता तलाव म्हनू नका, आड म्हना."

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. पेपरमधलं कात्रण कापून मी फाइलला लावलंय. वास गेल्याचे किती, ते त्यात लिहिलेलं नाही.

आणि धंदा? कमी झालाय. श्रावणात पूर्वी दिवसाला चार शॉकअप निघायचे, या वर्षी कसेबसे दोन. फायनल इयरची फी भरताना अण्णांनी पहिल्यांदाच पतपेढीतून उचल घेतली. मी विचारलं तर म्हणाले, "तू शिक. सासूबाई हाय अजून बँकेपुढं, भीमकुंड हाय. लगेच काय उपाशी मरत नाही आपण."

मागच्या आठवड्यात रात्री मेसमधून येताना आपल्या बॉइज हॉस्टेलच्या गेटसमोर पाणी साचलेलं दिसलं. सगळे उड्या मारून चालले होते, रेक्टर सरांच्या नावाने शंख करत. मी मोबाईलचा टॉर्च लावून गटाराच्या जाळीत बघितलं. कुरकुरे, मॅगी, गुटख्याच्या पुड्या आणि सबमिशनच्या वेळी हरवलेलं माझ्याच रूम पार्टनरचं जर्नलचं कव्हर! आम्ही तिघांनी मिळून काठीने जाळी मोकळी केली. पाणी गुडगुड करत खाली गेलं. दहा मिनिटं लागली.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "काय खड्ड्या, रात्री-अपरात्री काय शोधतोस?"

मी म्हणालो, "काही नाही काका, चिंध्या."